सोवनींकडची जागा

"रात्री किती वाजेपर्यंत बाहेर असता?" सोवनी काकूंनी विचारलं.

या प्रश्नाचं उत्तर मी घरून तयार करून आणलं होतं. "काम असेल तोपर्यंत थांबायची माझी तयारी आहे," मी म्हणाले. "दहा वाजले तरी चालेल."

काकूंच्या कपाळाला आठी पडली. "दहा म्हणजे फार होतं हो. आम्ही खालचं गेट नऊला लावतो. डॉक्टरांना आधीच झोप लागत नाही, त्यात गेट वाजलं की संपलंच."

"मग नऊ," मी घाईनं म्हणाले. "नऊच्या आत."

"हां. नऊ ठीक."

पहिलाच प्रश्न निसटता निसटता हातात राहिला होता. मी मांडीवरची फाइल सरळ केली. तीत माझी सगळी सर्टिफिकेटं होती, पण काकूंनी तिच्याकडे अजून पाहिलंसुद्धा नव्हतं. बाहेरच्या जिन्यावरून स्पिरिटचा वास वर येत होता. खाली डॉक्टरांची लॅब, वर त्यांचं घर. त्या वासानं मला माहेरी आल्यासारखं वाटत होतं.

मिरजेत दवाखान्यांच्या गल्लीत सोवनींची लॅब ओळखत नाही असं माणूस नव्हतं. रात्रीच्या गाडीनं कर्नाटकातून आलेले पेशंट पहाटेपासून गाठोडी घेऊन तिच्या पायरीवर बसलेले असायचे. पण त्या लॅबची जाहिरात कुठे आलेली कुणी पाहिली नव्हती. लॅबच्या जागा जाहिरातीनं भरतच नाहीत. औषध कंपनीचा एखादा माणूस डॉक्टरांसमोर बॅग उघडता उघडता सांगतो, अमक्याकडचा टेक्निशियन निघालाय. नाहीतर बरोबर शिकलेलं कुणीतरी कानात सांगतं. मला इरफाननं सांगितलं होतं.

इरफान मुजावर डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सला, माझ्या वर्गात होता आणि चार वर्षं सोवनींकडे काम करत होता. महिन्यापूर्वी बाजारात भेटला. शुभ्रा माझ्या कडेवर होती. तिच्या गालाला बोट लावत तो हळूच म्हणाला, "मस्कतला एका हॉस्पिटलात जमतंय माझं. मुंबईला मेडिकल तपासणी झाली, व्हिसा आला, की निघालो. माझी खुर्ची तुला. डॉक्टरांना मी स्वतः तुझं नाव सांगणार. पण व्हिसा हातात पडेपर्यंत हूं की चूं नको."

"डॉक्टर काय करतील?"

"माझ्या आधीच्या माणसानं प्रामाणिकपणे दोन महिने अगोदर सांगितलं. डॉक्टर चिडले. त्याच संध्याकाळी त्याला घरी पाठवला. आणि त्याचं तिकडचं काम काही झालं नाही. दोन्हीकडून गेला बिचारा." मग तो हसला. "आणि बाई, तुझ्या या बाळाचंही आधी बोलू नकोस. जागेवर बस आणि मग सांग."

मी कुणाला काही बोलले नाही. माझ्या नवऱ्याला, अभिनंदनलासुद्धा नाही. कुपवाडात तो कामाला होता तो कारखाना दिवाळीत बंद पडला होता. शिरोळहून मोठे दीर फोन करून सारखं म्हणत होते, भाड्याच्या खोल्या सोडा, इकडे या, गोठा वाढवायचाय, घरचीच माणसं हवीत. वाईट नव्हते ते. पण शिरोळला गेल्यावर माझ्या हातातली सुई कायमची सुटणार, हे मला दिसत होतं. अभिनंदनलाही दिसत होतं, म्हणून तो आज-उद्या करत उत्तर लांबवत होता. अक्षय तृतीयेच्या आत काय ते कळवायचं होतं.

माझ्या सासूबाईंना मी आत्ती म्हणते. मी नोकरी शोधतेय एवढंच त्यांना माहीत होतं, आणि तेवढं त्यांना पुरेसं होतं. रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला येणाऱ्या प्रत्येक बाईला त्या सांगायच्या, "आमची सून जागा बघायलीय बघा. कुठं असली तर सांगा." अशा महिनाभराच्या प्रचारानंतर आदल्या दिवशी त्या घरी आल्या त्या पायातलं न काढताच म्हणाल्या, "सोवनी डॉक्टरांच्या बाईंचा निरोप हाय. उद्या चारला बोलवलंय तुला. जागेसाठी."

मी इरफानला फोन लावला. बंद होता. रात्रीही बंद, सकाळीही बंद. मी समजले की त्याचा व्हिसा आला, त्यानं शब्द पाळला आणि माझं नाव सुचवलं.

"घरात कोण कोण?" काकूंनी पुढचा प्रश्न विचारला.

याच प्रश्नाला मी भीत होते. आधीच्या हॉस्पिटलात मला दिवस गेले तेव्हा मी तिसऱ्याच महिन्यात जाऊन सांगितलं होतं. त्यांची अडचण होऊ नये, म्हणून. पुढच्या महिन्यात त्यांनी माझ्या टेबलाला आणखी एक खुर्ची लावली आणि एक मुलगी बसवली. "तुझ्या मदतीला," म्हणाले. मी तिला सगळं शिकवलं. बाळंतपणानंतर परत गेले, तेव्हा खुर्ची एकच होती.

"मी, आमचे हे, आणि सासूबाई," मी म्हणाले.

"बस?"

"बस."

तेवढ्यात खाली लॅबमध्ये कुणाचं तरी मूल रडलं. सुई टोचली असणार. आणि मी काही करायच्या आत मला पान्हा फुटला. शुभ्रा समोरच्या औषधाच्या दुकानाशी आत्तींच्या मांडीवर होती, तिच्या दुधाची वेळ झालीच होती. अंगाला काही कळत नाही, मूल आपलं की दुसऱ्याचं. मी फाइल उचलून छातीशी धरली.

काकूंनी पाहिलं होतं. त्या जराशा पुढे झुकल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "आणि हे जिच्यासाठी आलंय, ती कुठंय? का तो?"

आता लपवण्यात काही उरलं नव्हतं. "मुलगी आहे. सात महिन्यांची. खाली सासूबाईंकडे आहे. पण काकू, तिचा त्रास नाही होणार. मी सगळी सोय—"

"त्रास कसला गं?" त्या एकदम अगंतुगंवर आल्या. "उलट बरं. इथं जो येतो तो खोकत येतो आणि कण्हत जातो. एखादं मूल रांगताना दिसलं तर माझेही दिवस बरे जातील. रांगायला लागली की जिन्याला फळी मारून घेऊ."

लॅबच्या जिन्याला माझ्या मुलीसाठी फळी. जगात अशीही नोकरी असते, असं मनात आलं, आणि त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं.

"मांसाहार करता?"

"आम्ही जैन."

"मग कांदा-लसूण?"

"सासूबाई खात नाहीत. मी खाते." रक्ताच्या तपासणीचा कांद्याशी काय संबंध, ते कळेना. पण मागच्या हॉस्पिटलात जात विचारली होती, त्यामानानं हे बरं होतं.

"करार अकरा महिन्यांचा," काकू म्हणाल्या.

यात नवल नव्हतं. कंत्राटी माणसाला कुठेही अकराच महिने देतात. "पुढे वाढतो का?"

"दोघांना पटलं तर वाढवायचा की. आधीच्यांनी पाच वर्षं काढली इथं." त्यांनी पदरानं चष्मा पुसला. "फक्त अनामत तेवढी आधी लागेल. डॉक्टर त्या बाबतीत माझं ऐकत नाहीत."

माझे कान तापले.

जागेसाठी पैसे मागतात, हे काय मला माहीत नव्हतं? अभिनंदनच्या चुलतभावानं शिक्षकाच्या जागेसाठी जमीन विकली होती. पण ते संस्थावाले. सोवनींचं नाव घेताना लोक हात जोडायचे. आणि आत्ता, फळीचं बोलून झाल्यावर, तोच आवाज किती सहज पैशावर आला होता. मी उठून उभी राहिले.

"काकू, जागेसाठी मी पैसे देणार नाही."

"अगं, थोडं कमी-जास्त करता येईल. बस तू."

"कमी-जास्तीचं नाही. एक रुपयाही देणार नाही. माझा हात बघा, काम बघा. पटलं तर घ्या, नाहीतर नाही म्हणा. पण पैसे देऊन मी येणार नाही."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गणित चुकलेल्या पोरासारखा चेहरा झाला होता त्यांचा.

"म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "फुकट राहणार?"

"राहणार?" मी म्हणाले. "कुठे?"

"गच्चीवरच्या खोलीत, आणखी कुठे? तुझ्या सासूबाईंनी बस्तीत सांगितलं ना, सून जागा बघतेय म्हणून. आमच्याकडे शुगर तपासायला त्यांच्यातल्या एक बाई येतात, त्या म्हणाल्या. माणसं चांगली आहेत, तुमची खोली रिकामीच आहे, देऊन टाका."

मी परत खाली बसले.

इरफान काही बोललेला नव्हता. व्हिसा आलेला नव्हता. या घरात कुणाला कशाचीच कल्पना नव्हती, आणि मी गेला अर्धा तास त्याच्या खुर्चीसाठी मुलाखत देत बसले होते. मी भराभर आठवायला लागले, त्याचं नाव घेतलं का मी? तो कधी जाणार, असं विचारलं का? विचारणार होते. पगाराच्या आधी तेच विचारायचं, असं ठरवून आले होते. काकूंनी अनामत मागितली नसती तर पुढचं वाक्य तेच होतं.

काकूंच्या तोंडावर हसू पसरायला लागलं होतं. "पण मग तुला कुठली जागा वाटली गं? काम-बिम बघ काय म्हणत होतीस मघाशी—"

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि डॉक्टर सोवनी वर आले. बाह्या दुमडलेल्या, चष्मा कपाळावर. "चहा मिळेल का घोटभर? आज हाताखाली कुणी नाही. सकाळपासून मीच टोचतोय आणि मीच लेबलं लावतोय."

"ही जागेसाठी आलीय," काकू म्हणाल्या.

"हां, वरच्या खोलीसाठी. बसा, बसा." ते समोर बसले आणि त्यांचं लक्ष माझ्या फाइलवर गेलं. पारदर्शक पाकीट होतं, वरचं सर्टिफिकेट सरळ दिसत होतं. "डीएमएलटी? अरे वा. कुठलं साल?"

मी सांगितलं.

"म्हणजे आमच्या इरफानबरोबरच्या."

"वर्गात होता."

"मग आज लग्नाला नाही गेलात? त्याच्या मावसभावाचं लग्न आहे ना मुंबईला."

म्हणून फोन बंद होता. मेडिकलला गेला होता तो. "नाही," मी म्हणाले. "आमचं तसं घरचं जाणं-येणं नाही."

"दोन महिन्यांतलं हे तिसरं लग्न. मला एक कळत नाही, या मुलाचे मावसभाऊ संपत कसे नाहीत?"

"त्यांची घरं मोठी असतात," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. आता ते मला नीट बघत होते. आवाज चढलेला नव्हता, पण खोलीतली हवा बदलली. "तुम्ही त्याच्या बरोबरच्या आहात, तुम्हाला माहीत असेल. मला सरळ सांगा. तो कुठे जाणार आहे का?"

मी फाइलची कड घट्ट धरली.

"हे बघा, मी त्याला खाणार नाही. पण एक दिवस सकाळी मला अडकवून निघून गेलेलं मला चालायचं नाही. तो जाणार असेल तर मी आजच दुसरं माणूस बघतो. बघतो कशाला? तुम्ही समोरच बसलाय. खाली चला, दोन पेशंट बसलेत, हात दाखवा तुमचा. चांगला असेल तर उद्यापासून या. मला फक्त हो म्हणा किंवा नाही म्हणा."

काकू चहाला उठल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

एक शब्द पुरे होता. त्या शब्दाच्या पलीकडे उद्याची सकाळ होती. पांढरा एप्रन, सुईचं टोपण काढल्याचा तो बारीक आवाज, शिरोळला न जाणं, अभिनंदनच्या कपाळावरची रेघ पुसली जाणं. आणि जिन्याला फळी. शब्द खोटाही नव्हता. खरं सांगते, त्या क्षणी मला इरफानचं भलं वगैरे काही सुचत नव्हतं. मला दिसत होता तो माझ्या जुन्या टेबलावर माझ्या डब्याशेजारी ठेवलेला त्या नव्या मुलीचा डबा. हिरव्या झाकणाचा. मी अजून तिथे बसलेली होते आणि माझ्या जागी दुसरं कुणी जेवत होतं.

"मला नाही माहीत, डॉक्टर," मी म्हणाले. "मी खोली बघायला आलेय."

"काम नकोय तुम्हाला?"

"हवंय. फार हवंय."

"मग?"

"इथे इरफान आहे ना कामाला. मी खोली बघायला आलेय."

माझे तळहात फाइलच्या प्लॅस्टिकला चिकटले होते. खालून कुणीतरी घंटी वाजवली, मग परत वाजवली. डॉक्टर चहा न घेताच उठले. "खोली दाखव यांना," काकूंना म्हणाले आणि जिना उतरून गेले.

मला गच्चीवर जावंच लागलं. घ्यायची नसलेली खोली बघायची म्हणजे काय करायचं असतं, ते मला ठाऊक नव्हतं. गच्चीभर काकूंचे साबुदाण्याचे पापड वाळत होते, त्यांच्यामधून पाऊल टाकत आम्ही खोलीत गेलो. खिडकी होती. भिंतीला निळा रंग होता.

"आढ्याला हूक आहे बघ," काकू म्हणाल्या. "पाळणा टांगता येईल."

"पाणी केव्हा येतं?"

"सकाळी."

मी मोरीतला नळ सोडून बघितला, बंद केला, खिडकी उघडून लावली. काकू दाराला टेकून हे सगळं बघत होत्या.

"तुला खोली नकोय," त्या म्हणाल्या.

मी खिडकीची कडी परत घातली.

"फुकट राहायला मागणारी बाई मी अजून बघितली नाही. आणि सर्टिफिकेटं घेऊन खोली बघायला कुणी येत नाही. तुला वाटलं लॅबमध्ये जागा आहे. कुणी सांगितलं तुला?"

"नळ गळतोय, काकू."

"काय?"

"नळ. बंद केला तरी थेंब पडतोय."

त्या माझ्याकडे बघत होत्या आणि मी नळाकडे. थेंब पडत होता. मग त्या म्हणाल्या, "आहे खरा. गेल्या उन्हाळ्यापासून गळतोय." आणि थोड्या वेळानं, "जा, तिला वर घेऊन ये. भुकेली असेल."

त्या निळ्या रिकाम्या खोलीत जमिनीवर बसून मी शुभ्राला पाजलं. ती आधी रागानं, मग डोळे मिटून पीत होती, आणि तिची मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट होती. काकू बाहेर आमच्याकडे पाठ करून एकेक पापड उलटत होत्या. निघताना त्यांनी एवढंच विचारलं, "खोलीचं काय सांगू यांना?"

"लहान पडेल म्हणा."

"बरं."

खाली आत्ती वाटच बघत होत्या. "गावली का गं जागा?"

"नाही, आत्ती. लहान होती."

"लहान असंना. पगार काय म्हणत हुते?"

शुभ्राला खांद्यावर घेऊन मी भराभर चालत सुटले, कारण मागे वळून पाहिलं असतं तर मी परत तो जिना चढले असते.

आठवडाभरानं इरफान घरी आला. मी शुभ्राला नाचणीची खीर भरवत होते. तो दारातच चप्पल काढून उभा राहिला, आत येईना.

"अनफिट," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"एक्स-रेमध्ये छातीत डाग निघाला. लहानपणी टीबी झाला होता मला, बराही झालाय, पण त्यांना डाग चालत नाही. मस्कत संपलं." तो शुभ्राकडे बघत होता, माझ्याकडे नाही. "तुझी जागा पण संपली, त्रिशला. मी आता कुठे जात नाही."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. शुभ्रानं तो ओढून तोंडात घेतला.

"डॉक्टरांना काय सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं, लग्न कसं झालं. म्हटलं, छान झालं." तो जरासा हसला. पुढे कित्येक वर्षांनी, स्वतःची लॅब टाकल्यावर, हे मावसभाऊ तो सगळ्यांना रंगवून सांगायला लागला. त्या दिवशी मात्र त्याला हसू पेलत नव्हतं. "ते म्हणत होते, तू खोली बघायला आली होतीस. घर सोडताय?"

"बघत होतो."

"मग मला नाही का सांगायचं? आमच्या गल्लीत दोन आहेत चांगल्या."

आणि माझ्यासाठी काहीच करता आलं नाही म्हणून की काय, त्यानं खरोखरच लोक पाठवले. आठवडाभर कुणी ना कुणी खोलीच्या किल्ल्या घेऊन आमच्या दारात यायचं. आम्ही मात्र आतली भांडी पोत्यात भरत होतो. इरफानचा डाग मी कधीच कुणाला सांगितला नाही, त्यानंच पुढे सांगितला. पण एका रात्री भांडी भरताना मला एकदाच वाटून गेलं की तो दोन्हीकडून गेला नाही, हे मला धरून ठेवता येण्यासारखं काहीतरी आहे. आणि मग लगेच वाटलं, तेवढ्यानं घरभाडं भागत नाही.

"दादाला होय म्हणून टाकतो," अभिनंदन म्हणाला.

"सांगा," मी म्हणाले.

"परवा अमावास्या आहे. झाली की सांगतो." तो अजूनही लांबवतच होता.

दुसऱ्या दिवशी आत्ती बस्तीतून आल्या. "सोवनीबाईंचा निरोप हाय. सांगलीला डॉक्टर इनामदार म्हणून बाई हायत, त्यांना जाऊन भेट म्हणं. कशासाठी ते काय बोलल्या न्हाईत." मग मला बजावलं, "आणि आधी इच्चारून घे, खोली हाय का नोकरी. मागल्यासारखं नको."

या वेळी मी शुभ्राला कडेवर घेऊनच गेले. लपवायचा कंटाळा आला होता.

इनामदार बाई पन्नाशीच्या, आखूड केसांच्या. त्यांच्या लॅबमधल्या टेबलावर रिपोर्टची पाकिटं होती, सगळी चिकटवून बंद केलेली. मी बसले तेवढ्यात बाहेर काउंटरशी एक माणूस म्हणत होता, "नुसतं नॉर्मल आहे का नाही ते सांगा. माझ्या वहिनीचा रिपोर्ट आहे, मी घरचाच आहे." बाईंनी जागेवरूनच आवाज दिला, "वहिनींना पाठवा." आणि माझ्याकडे वळल्या. मी फाइल पुढे केली. त्यांनी ती बाजूला सरकवली.

"सोवनी वहिनी सांगत होत्या, त्यांच्याकडे काहीतरी घोटाळा झाला तुमचा. तुम्ही कशासाठी गेला होतात नक्की? आणि डॉक्टरांनी काय विचारलं तुम्हाला?"

आतल्या खोलीत मशीन फिरत होतं. शुभ्रानं माझं मंगळसूत्र तोंडात घातलं. या बाई सोवनींच्या घरातल्यासारख्या बोलत होत्या, हसतमुख होत्या, आणि सांगितलं असतं तर गोष्ट गमतीचीच होती.

"मी खोली बघायला गेले होते, मॅडम."

"आणि?"

"लहान होती."

त्या थांबल्या. मी आणखी काही बोलेन म्हणून थांबल्या, आणि मी शुभ्राच्या तोंडातलं मंगळसूत्र सोडवलं.

"माझ्याकडची एक मुलगी मागच्या महिन्यात मी काढली," त्या शेवटी म्हणाल्या. आता हसू गेलं होतं. "हात तुमच्यापेक्षाही चांगला असेल तिचा. पण एका पोरीचा रिपोर्ट तिच्या हातात पडायच्या आत तिच्या सासरी कळला. ती पोर आता माहेरी आहे." त्यांनी एक पाकीट उचलून त्याची चिकटवलेली कड अंगठ्यानं दाबली. "हात काय, मी शिकवीन. वहिनी म्हणाल्या, या बाईला मी गच्चीवर नेऊन विचारलं, तर तिनं मला नळ दुरुस्त करायला लावला."

मी मान खाली घातली.

"उपाशीपोटीचे पेशंट सातला यायला लागतात. त्याच्या आत येत जा. आणि हिला कोण बघतं?"

"सासूबाई."

"त्यांना सांग, मागच्या खोलीत पंखा आहे. दुधाच्या वेळेला घेऊन येऊ दे."

बाहेर आले तेव्हा रस्त्यावर ऊन होतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीच्या सावलीत उभी राहून मी अभिनंदनला फोन लावला.

"शिरोळला सांगितलंत?"

"आत्ताच करणार होतो फोन. दादा शेतावरून आला असेल आता."

"करू नका," मी म्हणाले. "आणि पोत्यातली भांडी काढून ठेवा."